चिरा, कौल, पत्रा, टाइल: कॅमेरा नेमका कशाला धरून राहतो?

वाचकाचं पत्र

गावी, संगमेश्वर तालुक्यात, आईबाबा दोघंच असतात. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. पुढं नंतर काढलेला स्लॅबचा पोर्च, मागं पत्र्याचा गोठा. मे महिन्यात चार बुलेट कॅमेऱ्यांचा सेट आणला. २ मेगापिक्सेलचे, एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारे. तालुक्याच्या वायरमननं तीन लावून दिले. गणपतीत गेलो, तर बाजूच्या भिंतीवरचा कॅमेरा गिट्टीसकट (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती नळी) उपटून केबलला लोंबत होता. पडवीतल्या कॅमेऱ्याचं चित्र रात्री पांढरंफटक दिसतं. पोर्चमधला ऑगस्टपासून बंदच आहे. चौथा घेतला होता गेटासाठी, तो खोक्यातच आहे. गोठ्यासाठी एक वाढवायचाय आणि ठाण्याच्या फ्लॅटच्या दाराबाहेरही एक लावायचाय, तिथं भिंतीला टाइल आहे. ड्रिल मशीन घरात आहे, हातही चालतो. या वेळी सगळं स्वतःच करावं म्हणतो. कुठं काय वापरू?

(एक वाचक, ठाणे)

उत्तर

स्वतः करायचं ठरवलंत ते बरं केलंत, कारण तुमच्याकडचे तिन्ही बिघाड कॅमेऱ्याचे नाहीत, ते कसे लावले याचे आहेत. एक भिंतीनं सोडला, एकाची नजर चुकीच्या जागेवरून अडली आणि एकात पाणी गेलं. तिन्ही कॅमेरे बहुधा धडधाकट निघतील, तेव्हा नवे घेण्याची घाई करू नका.

आधी उपटलेल्या कॅमेऱ्याचं बघू. "एवढासा कॅमेरा, त्याला काय लागतंय" म्हणून दोन स्क्रूंवर भागवलं जातं. वजनाचा हिशेब केला तर ते खरंही वाटतं. बुलेट कॅमेरा अर्धा किलोचा, त्याचा भार भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटर पुढं, बुडाचे वरचे-खालचे स्क्रू एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर. म्हणजे वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर फक्त १ किलो. पण कोकणात कॅमेऱ्यावर फक्त कॅमेराच नसतो. दहा-बारा किलोचं वानर त्याला धरून लोंबकळलं, भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर, की तोच जोर ३६ किलो होतो, आणि झटका बसला तर त्याहून जास्त. सैल केबल वाऱ्यानं दिवसभर हिसके देत असते ते वेगळंच. स्क्रू पकडायचे ते या हिशेबानं.

दुसरी गोष्ट, भोक पाडताना खाली पडणारी भुकटी बघत चला. वरून सगळ्या भिंती रंगवलेल्या आणि सारख्या दिसतात. आत काय आहे ते भुकटी सांगते. पहिला अर्धा-पाऊण इंच राखाडी, भुसभुशीत माल येतो तो गिलावा, त्यात गिट्टीला पकड नसते. पुढं विटकरी लाल पूड आली तर वीट. तांबूस-पिवळी, हाताला ओलसर लागणारी आली तर जांभा, म्हणजेच चिरा. पिठासारखी पांढरी, हलकी पूड आली आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटचा, ब्लॉक. बारीक राखाडी पूड आणि मशीनला जोर लागतोय, तर काँक्रीट. चकाकणारे लोखंडी कण दिसले की सळई लागली, थांबा आणि इंचभर बाजूला सरका. प्लास्टिकची साल निघाली तर मात्र ताबडतोब थांबा, मेन स्विच बंद करा, तिथं वायरिंगचा पाइप आहे.

चिऱ्याची भिंत

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो, पण कठीण होते ती मुख्यतः बाहेरची बाजू. आत छिद्रं, मातीचे कप्पे, कुठं गुळगुळीत पोकळी. मशीनचं हॅमर (ठोके देत फिरणं) लावून भोक पाडलं की आतल्या भिंती ढासळतात आणि ६ मिलिमीटरच्या बिटानं ८-९ मिलिमीटरचं वेडंवाकडं भोक तयार होतं. गिट्टी त्यात बसते, स्क्रूही आवळल्यासारखा वाटतो. पावसात चिरा पाणी पितो, भोकाच्या कडा मऊ पडतात आणि गिट्टी अख्खी बाहेर येते. तुमच्याकडं तेच झालंय. गिट्टी स्क्रूला चिकटून बाहेर आली असेल तर स्क्रू आणि गिट्टी दोघं निर्दोष, भोक दोषी.

तिथं असं करा. जुनी भोकं सोडून द्या, ती सिमेंटनं बुजवा. दोन चिऱ्यांमधल्या दरजेत भोक घेऊ नका. जुन्या घरात दरज मातीची किंवा चुन्याची असते. चिऱ्याच्या मध्यावर, कडेपासून किमान ३ इंच आत या. बोटानं ठोकून पोकळ आवाज येतो का बघा. मशीनचं हॅमर बंद, वेग कमी, १० मिलिमीटरचं बिट, खोली ७० मिलिमीटर. बिटाला ७० वर टेप गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोक फुंकून साफ करा. तोंडानं फुंकलंत तर डोळ्यांत जाईल, सायकलचा पंप बरा. मग आत थोडं पाणी शिंपडून घट्ट कालवलेलं सिमेंट भरा आणि ८ मिलिमीटरची नायलॉनची गिट्टी त्यात दाबून बसवा. सिमेंट गिट्टीच्या पोटात जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात तात्पुरता स्क्रू दोन आटे फिरवून ठेवा. चोवीस तास हात लावू नका. थांबायला वेळ नसेल तर सिमेंटऐवजी दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी चालते, पण ती कोरड्या भोकातच धरते. ओल्या चिऱ्यात ती वळकटीसारखी बाहेर येते.

आणि कॅमेरा थेट चिऱ्यावर बसवू नका, मध्ये पट्टा घाला. २० सेंटिमीटर चौरस, १८ मिलिमीटर जाडीचा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीचा) तुकडा कुठल्याही फर्निचरवाल्याकडं मिळेल. प्लायवूड नको, दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना भोकं, वरच्या-खालच्यांत १६ सेंटिमीटर अंतर. आता तेच वानर लोंबकळलं तरी वरच्या प्रत्येक स्क्रूवर साडेपाच किलोच्या आसपास ओढ येते. ३६ आणि साडेपाच यांतला फरक फक्त अंतराचा आणि वर एकाऐवजी दोन स्क्रू असण्याचा आहे. कॅमेरा पट्ट्याला लावायचा तो लाकडी स्क्रूनं नव्हे. ५ मिलिमीटरचे स्टेनलेसचे बोल्ट मागून घालून पुढं नट आवळा. बोल्टचं डोकं पट्ट्यात बुडेल एवढी खाच मागून करून घ्या, म्हणजे पट्टा भिंतीला सपाट बसेल.

चारही भोकं एकदम खुणा करून पाडू नका. चिऱ्यात बिट खड्याला लागून सरकतं आणि चौथं भोक हटकून चुकतं. पहिलं पाडा, त्यात स्क्रू नुसता खोचून पट्टा धरा, लेव्हल बघा, समोरच्या कोपऱ्यातलं दुसरं पाडा, मग बाकीची दोन, आणि चारही झाल्यावरच गिट्ट्या सिमेंटमध्ये बसवा.

केबल भिंतीतून आत घ्यायची असेल तर १२ मिलिमीटरचं लांब बिट लागेल. चिऱ्याची भिंत जाड असते, नेहमीचं बिट पुरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. आतल्यापेक्षा बाहेरचं तोंड किमान अर्धा इंच खाली. उलट झालं तर कोकणातला पाऊस, वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पडणारा, तुमच्या ओटीवर येतो. आणि केबलला आधीच प्लग चढवलेला असेल तर तो १२ मिलिमीटरमधून जाणार नाही. नुसती केबल ओवा, प्लग नंतर चढवा.

पडवीतला पांढरा कॅमेरा

हा बहुतेक वाशाला, कौलांच्या अगदी खाली लावलाय. दिवसा छान दिसतं, कारण दिवसा अंगणात उजेड असतो. रात्री कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. डोळ्यांना तो उजेड दिसत नाही, पण हातभरावरची कौलं, रिपा किंवा चुन्याची भिंत तो लख्ख उजळवतो. कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि अंगण काळं, कडा पांढऱ्या असं चित्र मिळतं. मोबाइलवर दिवसाचं चित्र उघडा. वरच्या किंवा बाजूच्या कडेला कौल, वासा, खांब, वळचण यातलं काहीही दिसत असेल तर कारण तेच. चित्रात काही दिसत नसेल तर कॅमेऱ्याची काच नीट बघा. धुराचा थर, बोटांचे ठसे आणि कोळ्याचं जाळं यांनीही असंच होतं. पडवीत जाळं होणारच. दिव्यांच्या उबेला किडे येतात, किड्यांमागं कोळी. आईला सांगून ठेवा, आठवड्याला एकदा केरसुणीचं टोक फिरवायचं, फडका नाही. ओल्या फडक्यानं काचेवर ओरखडे येतात.

उपाय असा: कॅमेरा वाशाला चिकटवू नका. वाशाच्या बाजूला ९ इंचांचा लाकडी ठोकळा खाली सोडा आणि त्याच्या टोकाला कॅमेरा लावा, म्हणजे कौलं नजरेच्या वर राहतील. पागोळ्यांच्या रेषेच्या किमान दोन फूट आत राहा. अगदी कडेला लावला तर पागोळ्यांची चादर त्याच इन्फ्रारेडमध्ये चमकते आणि पावसाळाभर "हालचाल दिसली" म्हणून तुमचा फोन वाजत राहतो.

लाकडासाठी गिट्टी नको. ८ नंबरचा, ४० मिलिमीटरचा स्टेनलेस स्क्रू घ्या आणि आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. जुना ऐन किंवा सागवान असेल तर भोक न पाडता स्क्रू घुसवायला गेलात की स्क्रूचं डोकं तुटतं, किंवा वासा उभा चिरतो. आट्यांना अंगाचा साबण चोळून घ्या, अर्ध्या जोरात काम होतं. वाशाच्या टोकापासून ३ इंच सोडा. त्याआधी वाशात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाव इंच सहज रुतलं तर आत वाळवी फिरून गेलीय, दुसरा वासा शोधा.

पोर्च: स्लॅब आणि पाणी

आधी कॅमेरा खरंच मेलाय का ते तपासा. तो काढून घरात आणा आणि मीटरभराच्या तयार केबलनं थेट स्विचला (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथं येतात त्या नेटवर्कच्या डब्याला) जोडा. चालला, तर बिघाड सांध्यात आहे. प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या सापडतील. या केबलमधून सुमारे ४८ व्होल्टची वीज जाते. तिथं ओलावा आला की पिना विजेमुळं कुरतडल्या जातात आणि नुसत्या गंजापेक्षा कितीतरी लवकर खपतात. केबलकडचा प्लग कापून नवा चढवा. जॅकेट (केबलचं बाहेरचं आवरण) मागं किती ओलं झालंय ते बघून अर्धा-एक फूट केबलही कापा. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या (त्यातून बाहेर आलेल्या आखूड केबलच्या तोंडातल्या) पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं साफ होतात. एखादी पिन अर्धी झिजली असेल तर शेपटीच बदलावी लागेल.

खोक्यात एक प्लास्टिकची पुडी आली होती. तिच्यात एक टोपण, एक नट आणि दोन-तीन रबरी कड्या असतात. तीच पाण्याची अडवण, आणि तीच हमखास खोक्यात राहते. क्रम महत्त्वाचा: केबलला प्लग चढवण्याआधी नट, मग रबर, मग टोपण केबलवर ओवायचं, नंतर प्लग क्रिंप करायचा, म्हणजे पक्कडीनं दाबून बसवायचा, शेवटी रबरी कडी शेपटीच्या तोंडाशी बसवून टोपण फिरवायचं. प्लग आधी चढला की ही कडी ओवता येत नाही, मग वायरमन काळी टेप गुंडाळून मोकळा होतो. टेप पाणी अडवत नाही, आत साठवते. शेपटीला दुसरं एक गोल तोंडही असतं, १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरसाठी. ते तुम्ही वापरत नाही म्हणून उघडं ठेवू नका. पाणी तिथूनही शिरतं. त्याला स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा.

हे सगळं ४ बाय ४ इंची पीव्हीसी जंक्शन बॉक्समध्ये घाला आणि कॅमेरा बॉक्सच्या झाकणावर बसवा. केबल बॉक्समध्ये बाजूनं किंवा खालून शिरू द्या, आणि शिरण्याआधी तिला वीतभर खाली झोल द्या, म्हणजे केबलवरून घरंगळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं. सिलिकॉन लावायचा तो वरच्या आणि दोन बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेला बॉक्स म्हणजे टाकी. स्लॅबच्या खाली टांगलेल्या बॉक्सला वरून झिरपणारं पाणी स्क्रूच्या भोकातून येतं, म्हणून त्याच्या सर्वांत खालच्या जागी ४ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचा मागा. आंबट वास येणारा काचेला ठीक, सिमेंटला तो नीट चिकटत नाही आणि धातूला गंजवतो.

स्लॅबमध्ये भोक पाडणं चिऱ्याच्या अगदी उलट. इथं हॅमर लागतो, बिटला टंगस्टन कार्बाइडचं टोक लागतं. ६ मिलिमीटरचं बिट, ६ मिलिमीटरची गिट्टी, पण खोली मोजायची ती गिलाव्याच्या आतून. गिलावा सोडून पुढं ३५ मिलिमीटर काँक्रीट मिळायला हवं. सळई साधारण २० मिलिमीटरपासून सुरू होते. बिट अडलं, आवाज किणकिणला, की जोर लावू नका, इंच-सव्वा इंच सरका. स्लॅबच्या सळया सहसा ४ ते ६ इंचांवर असतात, त्यामुळं सरकलं की जागा मिळते. बीमला लावायचाच असेल तर बीमच्या बुडाला नको, मुख्य सळया तिथंच असतात. बीमच्या बाजूला, उंचीच्या मध्यावर लावा. पोर्चच्या दिव्यापासून भिंतीपर्यंतची सरळ रेषा टाळा, स्लॅबमधला पाइप तिथून गेलेला असतो. वर बघत भोक पाडताना चष्मा हवाच. बिटावर कागदी चहाचा कप उलटा ओवला की पूड डोक्यावर न पडता कपात पडते.

गोठा

पत्र्याला कॅमेरा लावू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा धरतो. वारा सुटला की पत्रा थरथरतो, चित्र हलतं, रेकॉर्डरला वाटतं कोणीतरी आलं. पत्र्याखालचा लोखंडी चौकोनी पाइप गाठा. त्यात सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू चालतो, पण पाइपभोवती यू-क्लॅम्प आवळणं त्याहून चांगलं. भोक नाही म्हणजे गंजाला तोंड नाही. भोक पाडलंतच तर कडेला झिंकचा प्रायमर लावा. वेल्डिंग करून घ्यायचं असेल तर कॅमेरा आणि केबल जोडण्याआधी. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात भोक पाडूच नका, ती पूड ॲस्बेस्टॉसची असते. गोठ्यात केबल पीव्हीसी पाइपातूनच न्या, नाहीतर उंदीर ती कुरतडतात.

गेट

गेटापाशी माड किंवा आंबा सोयीचा दिसेल. नको. झाड वाऱ्यानं हलतं आणि बुंधा वाढत जातो, तसा क्लॅम्प सालीत रुततो. गडग्यालाही नको, कोरडा रचलेला गडगा म्हणजे सुटे चिरे. खांब रोवा. २ इंची जीआय पाइप, बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, लांबी १२ फूट. दीड फूट चौरस, दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये उभा करा आणि आठवडाभर सोडा. दीड इंची पाइप घेऊन दोनशे-तीनशे रुपये वाचवायला जाल तर तो वाऱ्यात डोलेल, आणि डोलणाऱ्या खांबावरून गाडीचा नंबर वाचता येत नाही. पाइपाच्या वरच्या तोंडाला टोपण घाला; उघडा राहिला की आत पाणी साचतं आणि गांधीलमाशा घर करतात.

कॅमेरा खांबाला लावायला पोल-माउंट ब्रॅकेट आणि दोन स्टेनलेसचे होज क्लॅम्प पुरतात. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घाला, म्हणजे ब्रॅकेट घसरत नाही आणि झिंकचा थर खरवडत नाही. केबल पाइपाच्या आतून न्यायची. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी कडी) घातल्याशिवाय केबल ओढू नका. लोखंडाची कड जॅकेट कापते आणि ते कापलेलं सहा महिन्यांनी कळतं.

गेट ते घर केबल जमिनीतून न्या. इंची पाइपात, दीड फूट खोल. बाहेर वापरायची काळी केबल घ्या. आतली पांढरी-राखाडी उन्हानं तडकते. तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब पल्ल्यावर ती वीज खाते. मग दिवसा चालणारा कॅमेरा रात्री, इन्फ्रारेड दिवे लागले की, बंद-चालू होत राहतो. अशा जोडणीला १०० मीटरची मर्यादा आहे.

उघड्यावरच्या खांबाची ही केबल विजांच्या दिवसांत सगळ्यांत आधी धोका आत आणते. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात स्विचच्या त्या एका पोर्टमधून ती काढून ठेवायची सवय बाबांना लावा. प्लगला लाल टेप गुंडाळून दिली की कुठला ते विचारायला फोन येणार नाही. कायमचा उपाय म्हणजे घराच्या तोंडाशी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक येणारा जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण), पण त्याला अर्थिंग खरं असलं तरच अर्थ आहे.

ठाण्याचं दार

बाहेरचा पॅसेज सोसायटीचा असतो, तेव्हा आधी सेक्रेटरींना लेखी कळवा. मग टाइलवर बोटानं ठोका. पोकळ वाजते तिथं भोक पाडलंत तर टाइल तडकलीच. खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, भाल्याच्या टोकाचं, काचेसाठी मिळणारं ६ मिलिमीटरचं बिट, हॅमर बंद, अगदी सावकाश, अधूनमधून पाण्याचे दोन थेंब. टाइलची ८-१० मिलिमीटर जाडी पार झाली की बिट बदला. मागं वीट किंवा काँक्रीट असेल तर मगच हॅमर. सिपोरेक्स असेल तर हॅमर नाहीच, आणि गिट्टीही त्याच्यासाठी मिळणारी जाड आट्यांची नायलॉनची घ्या.

इथली नेहमीची चूक म्हणजे गिट्टीचं तोंड टाइलच्या जाडीत ठेवणं. स्क्रू आवळला की गिट्टी फुगते आणि टाइलला आतून ढकलते. त्याच वेळी नाही, तर दोन दिवसांनी भोकापासून कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर येते. गिट्टी टाइलच्या मागं, पूर्ण आत ठोकून बसवा आणि तेवढा लांब स्क्रू घ्या. बेलच्या बटणाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नको. तिथं वायर असते.

हलका वायफाय कॅमेरा असेल तर टाइलवर चांगल्या प्रतीची दुतर्फी फोमची टेपही पुरते. टाइल अल्कोहोलनं पुसून टेप मिनिटभर दाबा आणि दिवसभर कॅमेरा अडकवू नका. रंगवलेल्या भिंतीवर ही टेप चालत नाही, ती रंग घेऊन खाली येते.

उंची आणि नजर

भोक पाडण्याआधी केबल जोडून कॅमेरा हातानं त्या जागी धरा आणि कोणाला तरी अंगणात चालायला सांगा. हेच रात्री पुन्हा करा. उंची ८ ते १० फूट. त्याहून वर गेलात की चोराचा चेहरा नव्हे, टोपी दिसते. लेन्स खोक्यावर लिहिलेली असते. २.८ मिलिमीटरची सगळं अंगण दाखवते, पण २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येतो तो साधारण ३ मीटरपर्यंतच. ३.६ ची ४ मीटरच्या आसपास, ६ ची ८ मीटरपर्यंत. म्हणून गेटाला ६ मिलिमीटरची, पोर्चला २.८ ची. तुमच्या चौथ्या खोक्यातही २.८ चीच असेल, कारण सेटमध्ये सहसा सगळे सारखे येतात. ती दुकानात बदलून मिळते का बघा, नाहीतर तो कॅमेरा गोठ्याला वापरा आणि गेटासाठी ६ चा वेगळा घ्या. गेटाच्या कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेकडं येत असेल तर तो किंचित उत्तरेकडं वळवा. उगवतीचं ऊन थेट लेन्समध्ये शिरलं की सकाळचा तासभर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

बाजूच्या भिंतीवरचा कॅमेरा शेजाऱ्यांच्या खळ्यात किंवा विहिरीकडं डोकावत असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क नावाचा पर्याय असतो; तेवढा भाग काळा करा आणि त्यांना एकदा मोबाइलवर दाखवून या.

काम सुरू करायचं ते भिंती सुकल्यावर, दिवाळीनंतर. जानेवारी उत्तम. गेटाचा खड्डा मात्र पहिल्याच दिवशी खणून काँक्रीट ओता; त्या खांबाला कॅमेरा लावायचा तो आठवडा उलटल्यावरच. चिऱ्यातल्या गिट्ट्याही त्याच संध्याकाळी सिमेंटमध्ये बसवा. दुसऱ्या दिवशी पोर्च आणि पडवी, तिसऱ्या दिवशी बाजूची भिंत. शेणानं सारवलेल्या अंगणात ॲल्युमिनियमची शिडी घसरते. पायांखाली गोणपाट घाला आणि खाली कोणीतरी धरायला हवंच.